ब्रिज बदलायचाय? आधी माप घ्या

इलेक्ट्रिक गिटार घेऊन दोन-तीन वर्षे झाली, हात बसला, की मूळ ब्रिजच्या उणिवा जाणवू लागतात. सॅडलचे स्क्रू गंजून घट्ट बसतात. ट्रेमोलोचा दांडा दाबून सोडला की तारा सुरात परतत नाहीत. एकच तार त्याच जागी पुन्हा पुन्हा तुटते. मग नव्या ब्रिजचा शोध सुरू होतो. बाजारात फेंडर, गोटो, विल्किन्सन, हिपशॉट, शॅलर अशी नावे दिसतात. कुठे पितळ, कुठे पोलाद, कुठे टायटॅनियम. सस्टेन वाढेल, सूर खुलेल अशी आश्वासने सगळीकडेच. या गर्दीत बहुतेक जण ब्रँड आणि धातूपासून सुरुवात करतात आणि फसतात. निवड नेमकी उलट्या टोकाकडून करायला हवी.

तुमच्या गिटारच्या लाकडात भोके आधीच पाडलेली आहेत. त्यांच्यातले अंतर, आतल्या पोकळीची खोली आणि नेकची रुंदी कारखान्यात ठरून गेली आहे. ब्रिज पुन्हा विकत आणता येतो, कोरून काढलेले लाकूड परत आणता येत नाही. म्हणून एकही नवे भोक न पाडता जो बसेल आणि तुमची नेमकी तक्रार दूर करेल, तोच तुमच्यासाठी योग्य ब्रिज. आधी तक्रार ओळखायची, मग ब्रिजचा प्रकार, मग मापे, आणि धातू व ब्रँड सर्वांत शेवटी. हा क्रम पाळला तर पैसे वाया जात नाहीत.

दोष खरेच ब्रिजचा आहे का?

ब्रिजच्या माथी मारलेल्या कितीतरी तक्रारींचे मूळ गिटारच्या दुसऱ्या टोकाला, नटमध्ये असते. त्याची परीक्षा सोपी आहे. ट्यूनर लावून सहाही तारा नीट सुरात आणा. ट्रेमोलोचा दांडा चांगला दाबून सोडा आणि पुन्हा एकेक तार तपासा. सगळ्याच तारा एकाच दिशेने उतरल्या किंवा चढल्या असतील, तर ब्रिज मूळ जागी परतत नाही असे समजा. एखाद-दुसरीच तार बिघडली असेल, तर ती नटच्या खाचेत अडकते आहे. खुंटी पिळताना ‘टिंग’ असा आवाज आला, तर या निदानाला दुजोराच मिळतो. अशा वेळी खाचेत मऊ पेन्सिलीचे शिसे घासा. तेवढ्याने भागले नाही तर जाणकाराकडून खाच साफ करून घ्या. हा खर्च ब्रिजच्या किमतीपुढे नगण्य आहे.

तार तुटण्याचे कारणही असेच शोधावे. तार दर वेळी सॅडलवरच तुटत असेल, तर तिथे धातूची बारीक धार निघालेली असते. डोळ्यांना ती दिसत नाही. कापसाचा बोळा सॅडलच्या माथ्यावरून हलकेच फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे धार आहे. बारीक पॉलिश पेपरची सुरळी करून ती जागा गुळगुळीत केली की बहुधा काम होते.

झणझण ऐकू येत असेल तर सॅडलची खाच भिंगातून पाहा. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा मुद्दाम रुंद ठेवतात. तार त्या पृष्ठभागावर हलकेच टेकत कंप पावते आणि जवारी खुलते. मिरजेच्या कारागिरांची ती खास कला. इलेक्ट्रिक गिटारला मात्र याच्या अगदी उलटे हवे असते. तार सॅडलच्या एका नेमक्या बिंदूवरून सुटली पाहिजे. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने खाच सपाट झाली की गिटारची तारही सतारीसारखी झणझणू लागते. एवढाच दोष असेल तर फक्त सॅडल बदला. सहा सॅडलचा संच वेगळा मिळतो. तसेच स्प्रिंगा, उंचीचे स्क्रू आणि ट्रेमोलोखालचा ब्लॉकही सुटे मिळतात.

पूर्ण ब्रिज बदलण्याची कारणे मोजकीच आहेत. सॅडलच्या स्क्रूचे आटे गेले आहेत. ब्रिजचा पत्रा वाकला आहे. पत्र्याची धार जिथे आधाराच्या खांबाला, म्हणजे पोस्टला, टेकते तिथे ती बोथट झाली आहे. दांडा बसतो त्या भोकाचे आटे झिजल्यामुळे तो डुगडुगतो. सॅडल टोकापर्यंत सरकवूनही इंटोनेशन जुळत नाही. यांपैकी काही असेल तर खुशाल पुढे जा.

ब्रिज कोणत्या घराण्यातला?

इलेक्ट्रिक गिटारचे बहुतेक ब्रिज चार-पाच घराण्यांत बसतात. आपला कोणता हे ओळखले की निम्मी निवड झाली.

पहिले घराणे फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरचे. १९५४ साली आलेल्या या गिटारमध्ये पत्रा पुढच्या कडेला सहा स्क्रूंवर झुलतो, खाली धातूचा जाड ब्लॉक असतो आणि बॉडीच्या मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगा तारांचा ताण तोलून धरतात. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात फेंडरने अमेरिकन स्टँडर्ड स्ट्रॅटमध्ये सहा स्क्रूंऐवजी दोन पोस्ट आणले. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या गिटारींपैकी मोठा हिस्सा याच घराण्याच्या नकलांचा असल्याने या लेखात भर त्यावर आहे.

दुसरे टेलीकास्टरचे. १९५०पासूनची ही रचना सर्वांत साधी. पत्रा बॉडीवर पक्का बसवलेला, त्यातच पिकअप अडकवलेला आणि तारा बहुधा बॉडीच्या आरपार. हार्डटेल म्हणजे न हलणारा ब्रिज याच वळणाचा.

तिसरे गिब्सनच्या ट्यून-ओ-मॅटिकचे. टेड मॅकार्टी यांच्या काळात तो तयार झाला आणि १९५४च्या लेस पॉल कस्टमवर आला. दोन पोस्टवर उभा असलेला अरुंद ब्रिज आणि त्यामागे तारा अडकवणारा वेगळा टेलपीस, ही त्याची खूण. त्यातही दोन उपप्रकार आहेत. एबीआर-१चे बारीक पोस्ट थेट लाकडात जातात. १९७०च्या दशकात आलेल्या नॅशव्हिल प्रकाराचे पोस्ट लाकडात ठोकलेल्या धातूच्या बुशिंगमध्ये बसतात आणि त्यात सॅडल सरकायला जागा अधिक असते.

चौथे फ्लॉइड रोझचे. तारा नटवर आणि सॅडलवर दोन्हीकडे आवळून धरल्यामुळे दांडा कितीही पिळला तरी सूर टिकतो. याशिवाय बिग्जबी, जॅझमास्टर वगैरे आहेत. त्यांचे भाग शक्यतो त्याच प्रकारचे घ्यावेत.

आपल्याच घराण्यात राहा, हा इथला नियम. स्ट्रॅटवर फ्लॉइड रोझ बसवायचा तर लाकूड कोरावे लागते, नव्या पोस्टची भोके पाडावी लागतात आणि नट काढून लॉकिंग नट लावावा लागतो. सगळी मजुरी धरली की त्यापेक्षा मुळातच फ्लॉइड रोझ असलेली दुसरी गिटार घेणे शहाणपणाचे ठरते. स्थिर ब्रिज हवा म्हणून स्ट्रॅटचा ट्रेमोलो काढून टाकण्याचीही गरज नाही. मागच्या पोकळीत ब्लॉक आणि लाकूड यांच्यामध्ये लाकडी पाचर घट्ट बसवली, किंवा पाच स्प्रिंगा लावून पत्रा बॉडीला चिकटेपर्यंत ताण वाढवला, की ट्रेमोलोचा हार्डटेल होतो. उद्या मन बदलले तर पाचर काढता येते.

मापे कशी घ्यायची?

एक साधा व्हर्निअर कॅलिपर आणि मिलिमीटरच्या खुणांची पोलादी पट्टी एवढे पुरे. शिवणकामाची टेप वापरू नका. इथे दोन-चार मिलिमीटरचा फरक म्हणजे बसणारा आणि न बसणारा ब्रिज.

स्ट्रॅटचे पहिले माप म्हणजे सहा स्क्रूंपैकी दोन टोकांच्या स्क्रूंमधले अंतर. मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचे असते, पण स्क्रूचा मध्य नजरेने नेमका सापडत नाही. म्हणून एका स्क्रूच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. उत्तर तेच येते. हे अंतर साधारण ५६.४ मिमी आले तर गिटार जुन्या अमेरिकन मापाची. ५२.४ ते ५२.५ मिमी आले तर अरुंद मापाची, जे आशियात बनलेल्या बहुतेक नकलांमध्ये सापडते. काही जपानी ब्रिज मधल्या, ५४ मिमीच्या मापाचे असतात. फेंडरच्याच मेक्सिकोत बनलेल्या अनेक सहा-स्क्रू गिटारींचे माप अरुंद आहे. त्यामुळे हेडस्टॉकवरचे नाव पाहून मागवणे धोक्याचे.

दुसरे माप तारांमधले. पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंतचे अंतर सॅडलवर मोजा आणि पाचाने भागा. ११.३ मिमी म्हणजे रुंद, १०.८ म्हणजे मधले, १०.५ म्हणजे अरुंद. सुटी सॅडल घेतानाही हाच आकडा लागतो. ११.३च्या पत्र्यात १०.५ची सॅडल घातली तर ती आपसांत ढिली राहतात आणि वाजवताना बाजूला सरकतात. उलटे केले तर मावतच नाहीत. स्क्रूंमधले अंतर आणि तारांमधले अंतर सारखेच असेल असेही गृहीत धरू नका. अमेरिकन स्टँडर्डमध्ये पोस्ट ५६.४ मिमी अंतरावर आहेत, तारा मात्र ५२.४ मिमीमध्ये.

तारांची रुंदी ठरवताना नेकची शेवटची फ्रेट पाहा. तिथे पहिल्या आणि सहाव्या तारेच्या बाहेर दोन्हीकडे साधारण सारखी, तीनेक मिलिमीटर जागा उरली पाहिजे. अरुंद नेकवर रुंद ब्रिज बसवला की पहिली तार फ्रेटच्या कडेवरून घसरते आणि वरच्या सप्तकात वाजवणे अवघड होते. तार पिकअपच्या चुंबकाच्या अगदी डोक्यावरून गेली नाही तर फारसे बिघडत नाही. नेकवरून घसरली तर मात्र त्याला इलाज नाही.

तिसरे माप बहुतेक जण विसरतात, ते ब्लॉकचे. पूर्ण मापाच्या स्ट्रॅटची बॉडी सुमारे ४५ मिमी जाड असते आणि तिचा ब्लॉक ४२ मिमीच्या आसपास खोल जातो. स्वस्त गिटारींची बॉडी बरेचदा याहून पातळ असते. तिच्यात पूर्ण लांबीचा ब्लॉक घातला तर तो मागून बाहेर डोकावतो आणि मागचे झाकण बसत नाही. मागचे प्लास्टिकचे झाकण काढून जुना ब्लॉक किती खोल आहे ते पाहा. ब्लॉकची जाडीही मोजा. नकलांमधले ब्लॉक पातळ आणि पोकळीही बेताची असते. जाड ब्लॉक घातला की दांडा दाबताना तो पोकळीच्या भिंतीवर आदळतो आणि दांडा अर्ध्यातच थांबतो.

चौथे, दांड्याचे आटे. अमेरिकन धाटणीच्या ब्लॉकमध्ये १०-३२ आटे असतात, आशियाई ब्लॉकमध्ये ५ किंवा ६ मिमीचे. १०-३२ आणि ५ मिमी हे दिसायला जवळजवळ सारखे असल्यामुळे जुना दांडा नव्या ब्लॉकमध्ये जोर लावून पिळण्याचा मोह होतो. तसे केले तर आटे कायमचे जातात. ब्रिजबरोबर आलेला दांडाच वापरा.

दोन पोस्टच्या ब्रिजमध्ये पोस्टमधले अंतर सर्वांत महत्त्वाचे. स्ट्रॅट घराण्यात ते ५६ मिमीच्या आसपास आणि फ्लॉइड रोझमध्ये ७४ मिमीच्या आसपास असते. त्यामुळे या दोघांची अदलाबदल होत नाही. फ्लॉइड रोझला जोडीला ब्लॉकची उंचीही लागते. ३२, ३७ आणि ४२ मिमी ही तिची प्रचलित मापे. बॉडीच्या जाडीप्रमाणे निवडायची.

टेलीकास्टरवर पिकअपच्या मागचे स्क्रू मोजा. जुन्या धाटणीत चार, नव्या अमेरिकन धाटणीत तीन. तारा बॉडीच्या आरपार जात असतील तर पत्र्याची भोके लाकडातल्या भोकांवर नेमकी यायला हवीत. तीन सॅडल की सहा, हा निर्णय तुमच्या कानाचा. तीन सॅडलवर प्रत्येकी दोन तारा टेकतात, त्यामुळे इंटोनेशनमध्ये थोडी तडजोड करावी लागते. तिरकी घासलेली तीन सॅडल मिळतात. जुने रूप आणि बऱ्यापैकी अचूक सूर असे दोन्ही त्यांत साधते.

ट्यून-ओ-मॅटिकमध्ये पोस्टमधले अंतर बहुधा ७४ मिमीच्या जवळ असते, पण पोस्टची जाडी वेगवेगळी. एबीआर-१चे पोस्ट काडीसारखे बारीक, आशियाई गिटारींचे ८ मिमी आट्यांचे जाड. बुशिंग उपटून काढण्याच्या भानगडीत पडू नका. जुन्या बुशिंगमध्ये बसणारे आणि वरच्या टोकाला नव्या ब्रिजच्या मापाचे पोस्ट मिळतात, ते घ्या.

फ्रेटबोर्डचा बाक

फ्रेटबोर्ड वरून किंचित गोलाकार असतो. त्या गोलाईची त्रिज्या जुन्या फेंडरवर ७.२५ इंच, नव्यावर ९.५ इंच, गिब्सनवर १२ इंच. आयबानेझच्या सपाट नेकवर ती ४०० मिमी किंवा त्याहून जास्त भरते. तारांची उंची या बाकाला समांतर नसेल तर मधल्या तारा उंच आणि कडेच्या खाली, किंवा त्याउलट, असा त्रास होतो.

स्ट्रॅट आणि हार्डटेल ब्रिजवर प्रत्येक सॅडलची उंची वेगळी बदलता येत असल्यामुळे हा बाक हाताने जुळवता येतो. ट्यून-ओ-मॅटिकवर फक्त दोन टोके वर-खाली होतात, मधल्या तारांचा बाक कारखान्यातच ठरलेला असतो. तो साधारण १२ इंचांचा धरलेला असल्याने गिब्सन धाटणीच्या नेकवर अडचण येत नाही. फ्लॉइड रोझमध्येही बाक मुळात ठरलेला असतो आणि सॅडलखाली पातळ पत्र्या घालून तो थोडाफार बदलता येतो. तेव्हा वर्णनात त्रिज्येचा उल्लेख नसेल तर विक्रेत्याला विचारा.

धातू: किती फरक, कुठे फरक

धातूबद्दल बोलले फार जाते, म्हणून मोजमाप समोर ठेवून बोलू. पितळाची घनता सुमारे ८.५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, पोलादाची ७.८, स्वस्त ब्रिजमध्ये वापरल्या जाणाऱ्या जस्ताच्या मिश्रधातूची ६.६ ते ६.७ आणि ॲल्युमिनियमची २.७. त्याच आकाराचा पोलादी ब्लॉक जस्ताच्या ब्लॉकपेक्षा साधारण सहाव्या हिश्श्याने जड भरतो. मूळचा ब्लॉक पातळही असेल तर फरक आणखी वाढतो. जड ब्लॉकवर तार थोडी अधिक काळ घुमते असा बहुतेक वादकांचा अनुभव आहे. पितळी सॅडलचा सूर गोलसर आणि पोलादी सॅडलचा टोकदार, असेही म्हणतात. हे फरक खरे असले तरी बारीक आहेत. तारांचा नवा संच किंवा पिकअपची उंची आवाजात याहून मोठा बदल घडवते. केवळ आवाज पालटेल या आशेने ब्रिज बदलू नका.

धातूचा खरा हिशेब टिकाऊपणाचा आहे. जस्ताचे आटे मऊ असतात आणि लवकर झिजतात. कडक पोलादाची धार वर्षानुवर्षे टिकते, आणि ट्रेमोलोचे सुरात परतणे त्या धारेवरच अवलंबून असते. सॅडलवर तारा वारंवार तुटत असतील तर ग्राफ टेकची वंगणयुक्त सॅडल उपयोगी पडतात. टेलीकास्टरवर मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिथे पिकअप पोलादी पत्र्यात लटकलेला असतो आणि तो पत्रा त्याच्या चुंबकीय क्षेत्राचाच भाग होतो. पत्रा पितळी केला तर टेलीचा तो ओळखीचा चरचरीत आवाज बदलतो. तोच आवाज आवडत असेल तर पोलाद सोडू नका.

आपल्या किनारपट्टीवर आणखी एका गोष्टीला महत्त्व द्यायला हवे, ती म्हणजे गंज. मुंबई, कोकण, गोवा इथली खारट दमट हवा आणि हाताचा घाम मिळून सॅडलचे छोटे स्क्रू आधी खातात. सोनेरी मुलामा लवकर उडतो, निकेल काळपट पडते, क्रोम बरेच टिकते. शक्य असेल तर स्टेनलेस स्टीलची सॅडल आणि स्क्रू घ्या. वाजवून झाल्यावर ब्रिज कोरड्या फडक्याने पुसा, महिन्या-दोन महिन्यांनी स्क्रूच्या आट्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा आणि पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. एवढे केले तर साधा ब्रिजही दीर्घकाळ साथ देतो.

तुम्ही काय वाजवता?

मापे जुळणारे दोन-तीन ब्रिज समोर आले की निर्णय तुमच्या वाजवण्यावर सोपवा. गायकाच्या साथीला वाजवत असाल, कार्यक्रमात पट्टी बदलते, कधी सगळी गिटार अर्धा स्वर उतरवावी लागते, तर तरंगता, म्हणजे बॉडीला न टेकलेला, ट्रेमोलो त्रासाचा आहे. त्यात एका तारेचा ताण बदलला की स्प्रिंगांचा तोल जातो आणि उरलेल्या पाच तारा हलतात. कार्यक्रमात तार तुटली तर बाकीच्या सगळ्या चढतात. अशा वादकाला हार्डटेल किंवा बॉडीला चिकटवून ठेवलेला ट्रेमोलोच बरा.

ज्यांना मींड काढायची आहे, सूर वर आणि खाली दोन्हीकडे हलवायचा आहे, त्यांनी दोन पोस्टचा तरंगता ब्रिज घ्यावा. जेफ बेक यांनी स्ट्रॅटच्या दांड्याने सूर घसरवत गळ्यातून निघावी तशी चाल काढून दाखवली आणि दांडा हे निव्वळ चमत्कृतीचे साधन नाही हे सिद्ध केले. हे साधायचे तर ब्रिजइतकेच लक्ष नट आणि स्प्रिंगांकडे द्यावे लागते. दांडा जमिनीकडे आपटणारी, पिळवटून टाकणारी शैली असेल तरच फ्लॉइड रोझचा उपद्व्याप सार्थकी लागतो.

बसवताना

काम सुरू करण्याआधी जुन्या ब्रिजची उंची आणि सॅडलची जागा मोजून लिहून ठेवा, फोटो काढा. तारा पूर्ण सैल केल्याशिवाय एकही पोस्ट फिरवू नका. ताण असताना पोस्ट वर-खाली केला की पत्र्याची धार त्यावर घासते आणि नवा ब्रिज पहिल्याच दिवशी बोथट होतो.

ब्रिजला जोडलेली अर्थची वायर सांभाळा. स्ट्रॅटमध्ये ती स्प्रिंगांच्या पट्टीला डाखलेली असते, टेलीत पत्र्याखाली दाबलेली आणि ट्यून-ओ-मॅटिक गिटारींत बहुधा टेलपीसच्या बुशिंगला टेकलेली. ती निसटली तर ॲम्पमधून गुणगुण येत राहते आणि तारेला हात लावूनही थांबत नाही. जोडणी झाल्यावर मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक तारेला आणि दुसरे जॅकच्या बाहेरच्या कडेला लावा. बीप वाजला की अर्थ शाबूत आहे.

स्क्रूचे भोक सैल झाले असेल तर जाड स्क्रू ठोकू नका. टूथपिक फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात घाला, रात्रभर वाळू द्या, वरचे टोक कापा आणि बारीक ड्रिलने मार्ग करून मूळचाच स्क्रू लावा. सहा स्क्रूंच्या ट्रेमोलोवर स्क्रू शेवटपर्यंत आवळू नका. पत्रा मोकळा झुलला पाहिजे.

मग नव्या तारा लावा. तरंगत्या ट्रेमोलोचा पत्रा मागच्या कडेला बॉडीपासून सुमारे ३.२ मिमी वर राहील असा स्प्रिंगांचा ताण ठेवा. फेंडरचेही माप हेच आहे. उंचीसाठी ९.५ ते १२ इंच त्रिज्येच्या नेकवर सतराव्या फ्रेटवर १.६ मिमी ही चांगली सुरुवात. पुढचे तुमच्या हाताप्रमाणे. सॅडलच्या उंचीच्या स्क्रूला काही ब्रिजमध्ये १.५ मिमीची ॲलन की लागते, काहींत ०.०५ इंचांची, म्हणजे १.२७ मिमीची. लहान की मोठ्या भोकात फिरवली तर स्क्रूचे डोके जाते.

इंटोनेशन शेवटी. बाराव्या फ्रेटवरचे हार्मोनिक आणि त्याच फ्रेटवर दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, म्हणजे नेकपासून दूर न्या. उतरलेला असेल तर पुढे आणा. सॅडल सरकवण्याआधी तार थोडी सैल करा आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा सुरात लावून मगच तपासा.

खरेदी

मुंबईत धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानात जा किंवा घरबसल्या मागवा, बरोबर एक चिठ्ठी असू द्या. तिच्यावर ब्रिजचे घराणे, स्क्रू किंवा पोस्टमधले अंतर, पहिल्या ते सहाव्या तारेचे अंतर, ब्लॉकची खोली व जाडी आणि नेकची त्रिज्या एवढे लिहा. वर्णनात मापांचे रेखाचित्र नसेल तर मागवून घ्या. ‘सगळ्या स्ट्रॅटला बसतो’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका. वेगवेगळी मापे आपण वर पाहिलीच. परदेशातून मागवत असाल तर सीमाशुल्क आणि परत पाठवण्याचा खर्च आधी धरा, कारण माप चुकले तर तो दोन्ही बाजूंनी बसतो. नामांकित ब्रँड अगदीच स्वस्तात मिळत असेल तर तो नकली असण्याची शक्यता मोठी. जुना ब्रिज त्याच्या स्क्रू-स्प्रिंगांसह पिशवीत भरून ठेवा. गिटार विकताना मूळ भागांना किंमत येते.

चिठ्ठीवरच्या मापांचा ब्रिज आज दुकानात नसेल तर थांबा. जवळपास बसेल असा घेऊन लाकूड कोरण्याची घाई करू नका. मापात बसलेला साधा ब्रिज चुकीच्या मापाच्या महागड्या ब्रिजपेक्षा सुरात जास्त राहतो, कमी कुरकुरतो आणि तुमच्या गिटारला वर्षानुवर्षे वाजती ठेवतो.